डबल ट्रॉली विकणे नाही!

अफवेवर विश्वास न ठेवणारा माणूस पाहायचा असेल तर तिसगावात या आणि सायमन मास्तरांचं घर विचारा. म्हणजे माझंच! मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हवामानखात्याचंच काय, बायकोचंसुद्धा ऐकत नाही!

आमच्या तिसगावात खेळण्यांचा कारखाना आहे. तुम्हाला ठाऊक नसेल तर तो तुमचा दोष! पत्र्याची शेड, आठ-दहा बायका कामाला आणि मालक कृपादानभाऊ. तिथे एकच खेळणं बनतं, उसाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन ट्रॉल्या. नाव 'डबल ट्रॉली'! ट्रॉल्यांत ऊस इतका ठासून भरलेला, की जरा चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! अगदी आमच्या रस्त्यावर खऱ्या ट्रॅक्टरची उचलतात तशी. मडगार्डवर गाण्यांचा टेप, आणि बॉनेटवर सिल्व्हियाने हाताने रंगवलेलं फूल. सिल्व्हिया ही कृपादानभाऊंची मुलगी आणि माझी विद्यार्थिनी. माझ्या लहानपणी खेळण्यांत विमानं होती, आगगाड्या होत्या, पण आमचा रस्ता कुठेच नव्हता. या ट्रॅक्टरात तो आहे. सांगताना आजही माझी छाती फुगते!

हा ट्रॅक्टर जमवणाऱ्या मोठ्या माणसांचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. हो, मोठ्या माणसांचा, हसू नका! पार जामखेडपासून राहात्यापर्यंत सभासद. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष जालिंदर वायरमन. आमचा गोरक्षनाथ तर असा गडी, की त्याचा खरा ट्रॅक्टर उन्हापावसात उभा असतो आणि खेळण्यातला काचेच्या कपाटात.

तर एक दिवस भर तासाला जालिंदर धापा टाकत माझ्या वर्गात शिरला.

"सर, घात झाला! मीटर बगायला कारखान्यात गेल्तो. तितं टाय घातलेला पोरगा हुता. गळ्यात कार्ड, जम्बोप्लेचं!"

जम्बोप्ले म्हणजे पुण्याची दांडगी खेळणी कंपनी. लहान कारखाने ती शेंगदाण्यासारखे तोंडात टाकते, अशी तिची ख्याती.

"मग? आला असेल पाहायला," मी म्हणालो.

"पाहायला? कृपादानभाऊ त्याला येक येक साचा दावत हुते, डोळे पुसत हुते. अन् म्हनले, 'आता हे समदं तुमचंच!'"

"तू स्वतः ऐकलंस?"

"आईशप्पत!"

"मग ही अफवा नाही, बातमी आहे!" मी म्हणालो, आणि बातमी ग्रुपवर टाकली.

झालं! मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड! राहात्याचे सभासद म्हणाले, आता ऊस जाऊन ट्रॉलीत चॉकलेटं येणार. जामखेडच्या सभासदाने ट्रॅक्टरला पंख फुटल्याचं चित्र स्वतः काढून पाठवलं. गोरक्षनाथने लिहिलं, "रगत सांडीन पन ट्रॅक्टर देनार न्हाई!" आणि मग ज्याला जिथे मिळेल तिथे तो जुना, अस्सल ट्रॅक्टर विकत घ्यायला सुटला. आठवड्यात दुकानं रिकामी! कृपादानभाऊ चक्रावले. त्यांनी दोन पाळ्या सुरू केल्या, माल न्यायला टेम्पो लावले. टेम्पो दिसताच जालिंदरचा फोन.

"सर, मशिनी हालवायला लागले!"

ग्रुपवर पुन्हा हाहाकार. पुन्हा खरेदी. पुन्हा टेम्पो!

"अहो, सरळ जाऊन विचारा ना कृपादानभाऊंना," दया म्हणाली. दया माझी बायको.

"विचारलं तर ते सावध होतील!"

"कशाला सावध होतील?"

मी चहा मागितला.

रविवारी सगळा उलगडा झाला. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेत वर-वधूची नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं, असं पाळकसाहेब विचारतात. अर्थात कोणी उभं राहत नाही. त्या रविवारी नावं वाचली गेली, तिसगावची सिल्व्हिया आणि पुण्याचा नॅथन! नॅथन पुढच्याच बाकावर. टाय लावून! शेजारचा माझ्या कानाशी लागला, "जम्बोप्लेत हाय म्हनं पोरगा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येताच मी दयाला म्हणालो, "कारखाना फुकटात बळकावायची ही नवी तऱ्हा! पोरगी बायको म्हणून न्यायची आणि साचे आहेर म्हणून!"

"अहो, साधं लग्न आहे ते!"

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून लग्न!"

दयाने कपाळावर हात मारला. मी ग्रुपवर हुकूम सोडला, तिसऱ्या रविवारी सर्वांनी चर्चमध्ये हजर राहावे.

आणि खरंच आले सगळे! जालिंदर घरचा बौद्ध, गोरक्षनाथ गळ्यात माळ घातलेला, पण दोघेही इस्त्रीचे कपडे करून मागच्या बाकावर. सगळे मागचे बाक खच्चून भरले. एवढी नवी माणसं पाहून पाळकसाहेबांना गहिवरून आलं आणि त्यांनी उपदेश दुप्पट लांबवला. गोरक्षनाथला डुलकी लागली. अखेर नावं वाचून झाली आणि पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे पान उलटता उलटता विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?"

"आहे!" मी उभा राहिलो.

पाळकसाहेबांचं पान हातातच राहिलं. 'आहे' म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. ते घाईघाईने पुस्तक चाळू लागले. नॅथनच्या आईने छातीवर हात ठेवला.

"काय हरकत आहे, सायमन मास्तर?" पाळकसाहेबांनी घाबरत विचारलं. "मुलाला पहिली बायको आहे का?"

"पहिली कंपनी आहे!"

"ऑं?"

"जम्बोप्ले! हे लग्न नाही, पाळकसाहेब, हा कारखाना गिळायचा डाव आहे! पण जोवर आमच्या अंगात प्राण आहेत..."

"डबल ट्रॉलीचा!" मागून जालिंदर गरजला.

"इजय असो!" गोरक्षनाथ दचकून जागा झाला आणि सवयीने ओरडला.

आता सिल्व्हिया उभी राहिली. लाल झाली होती, पण हसू दाबत होती. "सर, मी कुठेच जात नाहीये. नॅथनच इकडे राहायला येतोय. फुलं मीच रंगवणार आहे."

"आणि 'आता हे समदं तुमचंच' ते काय होतं?" मी कृपादानभाऊंकडे वळलो.

"अरं बाबा, जावयाला काय म्हनायचं असतं मग? हात लावू नगंस?" कृपादानभाऊ ओरडले. "कोन घेतंय माजा कारखाना? आजवर कोनी साधं इचारलंबी न्हाई!"

"खरंय सर," नॅथन चाचरत म्हणाला. "मी तिथे गोदामात असतो. आमच्या साहेबांना मी डबल ट्रॉली दाखवली होती. ते म्हणाले, छान आहे. आणि पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवली."

मग मागून जालिंदरचा आवाज आला, दुखावलेला.

"म्हंजी त्यान्ला आपला कारखाना नकोय?"

"नाही."

"का नकोय? काय कमी हाय आपल्या ट्रॅक्टरात?"

"पेपरवेट?" गोरक्षनाथ बाकावरून उठला. "अवो, चाकं उचलतोय त्यो!"

खरं सांगतो, कंपनी कारखाना गिळणार असं वाटलं तेव्हा राग आला होता. पण ती तो गिळण्याच्या लायकीचाही समजत नाही म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! एवढा देखणा ट्रॅक्टर, आणि त्यावर कोणाची वाईट नजरसुद्धा पडू नये?

"मास्तर, हरकत मागे घेताय ना?" पाळकसाहेबांनी काकुळतीने विचारलं.

"एका अटीवर," मी म्हणालो. "जावईबापूंनी नोकरी सोडण्याआधी साहेबांना सांगायचं, की तिसगावला येऊन आमचा कारखाना रीतसर विकत मागा!"

"अन् आले तर?" कृपादानभाऊंनी डोळे मोठे केले.

"द्यायचा नाही!" मी, जालिंदर, गोरक्षनाथ, मागचे सगळे बाक आणि चक्क पाळकसाहेबसुद्धा! असं एका सुरात आमचं चर्च नाताळालाही गात नाही.

लग्न थाटात झालं. नॅथन आता शेडमध्ये चाकं बसवतो आणि ग्रुपवर आमच्यापेक्षा जास्त भांडतो. जम्बोप्लेकडून मात्र अजून कोणी आलेलं नाही. पण आपण तयारीत असलेलं बरं. म्हणून मी रोज शाळा सुटल्यावर, शर्ट नीट खोचून, स्टँडवर थोडा वेळ उभा राहतो.

परवा पुणे पासिंगची मोठी गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. काच खाली झाली. आत सुटातला साहेब! त्याने तोंड उघडायच्या आत मी कडाडलो, "मिळणार नाही! कितीही विनवण्या करा, तिसगावात तुम्हाला काहीही मिळणार नाही!"

बिचाऱ्याने घाबरून काच वर घेतली आणि तसाच, पंक्चर झालेल्या चाकावर, फटफट करत पाथर्डीच्या दिशेने निघून गेला.