पहिली नळी नैवेद्याची

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या जिल्ह्यात दूध आपोआप तपासणाऱ्या मशीनचं बटण पहिल्यांदा दाबलं ते या ज्ञानोबानं! कळंबला विचारा, वाशीला विचारा, परंड्याच्या स्टँडवर चहावाल्याला विचारा, कुणीही सांगेल. फक्त बटण दाबल्यावर काय झालं ते त्यांना विचारू नका. ते मीच सांगतो. लोक उगाच तिखटमीठ लावतात.

साल शहाऐंशी. पाऊस दोन वर्षं आमच्या तालुक्यावर रुसलेला. विहिरीत डोकावलं तर आपलंच तोंडसुद्धा दिसायचं नाही. गुरं छावणीला, माणसं रोजगार हमीवर आणि हंडे टँकरच्या रांगेत! अशा वख्ताला घराघरातली चूल पेटती राहिली ती दुधावर. म्हणून आमच्या दूध संघाला फार मान. आणि संघाच्या लॅबमध्ये मी. सहा वर्षं हंगामी!

लॅब म्हणजे तरी काय? एक टेबल, काचेच्या चार नळ्या आणि कोंडीराम. कोंडीराम आमचा जुना परीक्षक. कॅनचं झाकण उघडायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, पत्र्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "पास!" किंवा "परत!" गालात चोवीस तास तंबाखू. त्या तंबाखूतनं दुधाची चव जिभेला कशी कळायची ते देव जाणे! पण चेअरमन आण्णासाहेबांच्या हिंगणदरा गावचं कॅन आलं की झाकण उघडायच्या आधीच "पास" ऐकू यायचं.

आणि एक दिवस मशीन आलं. परदेशातनं निघून पुण्याला उतरलं आणि तिथनं ट्रकमध्ये कडब्यात गुंडाळून आमच्याकडं. मी पुण्याला पंधरा दिवस शिकायला गेलो होतो. त्यातले तेरा दिवस मला मशीनला हात लावू दिला नाही, पण ते जाऊ द्या.

काय मशीन होतं महाराजा! मधोमध एक चाक. चाकाला चोवीस घरं, घराला नंबर. एकेका घरात दुधाची एकेक नळी ठेवायची आणि बटण दाबून बाजूला व्हायचं. मग त्याचा तो हात, अगदी मनगटासकट, आपण होऊन उठायचा. पुढच्या सुईनं नळीत तोंड घालायचा, घोटभर दूध घ्यायचा, वाटीत सोडायचा, त्यात औषध टाकायचा, हलवायचा आणि फॅट किती ते कागदी पट्टीवर छापून बाहेर द्यायचा. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक घोटानंतर शुद्ध पाण्यानं गुळणी करायचा! गुळणी करून मगच पुढच्या नळीला. आम्ही आठवड्यातनं एकदा अंघोळ करणारी माणसं. ती स्वच्छता बघून आमचे हात आपोआप जोडले गेले.

"ज्ञानोबा," आण्णासाहेब म्हणाले, "उद्या समद्या गावांम्होरं हे चालवून दाखीव. नीट चाललं तर उद्याच्या उद्या तुझी ऑर्डर. कायम!"

"आण्णासाहेब, मशीन चुकत नाही," मी छाती फुगवून म्हणालो. "आणि मशीनवाला त्याहून चुकत नाही!"

त्या दिवशी संध्याकाळी बोरखडीच्या नागूबाई आल्या. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या अकरा बायकांनी अकरा म्हशींवर दूध संस्था काढलेली, नागूबाई तिच्या अध्यक्ष. त्यांचं कॅन "पाणी" म्हणून दोनदा परत गेलं होतं. तिसऱ्यांदा गेलं की संस्था बंद, असा संघाचा नियम होता. उद्याची तपासणी तिसरी.

"साहेब, एक इचारू का?" त्या दारातनंच म्हणाल्या. "ही सुई समद्यांच्याच नळीत बुडती का?"

"म्हणजे?"

"कोंडीबा आमच्या कॅनात बोट बुडवीत न्हाईत. लांबूनच बघत्यात आन् परत म्हणत्यात. ही बुडती का?"

सहा वर्षं मी त्या लॅबमध्ये होतो. कोंडीरामचं ते न बुडणारं बोट मी रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

"बुडते, नागूबाई. त्याला माणूस कळत नाही, नंबर कळतो."

"मग बास," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसरा दिवस उजाडला. लॅबमध्ये मुंगी शिरायला जागा नाही! गावोगावचे दूधवाले, खिडकीत डोकी, दारात डोकी. मी पांढरा कोट घालून उभा. रजिस्टरात नऊ गावं लिहिलेली. एक नंबर अर्थातच हिंगणदरा, दोन बोरखडी, तीन पिंपळदरी, असं करत नऊ नंबर सोनदरी. सोनदरीची सगळी जनावरं छावणीला गेलेली, त्यांचं दूधच आलं नव्हतं. म्हणून आठ घरांत आठ नळ्या मी रजिस्टराप्रमाणं ठेवल्या. शिस्त म्हणजे शिस्त!

बटणाकडं बोट नेलं, इतक्यात आरोळी आली, "थांबा!"

आण्णासाहेबांच्या घरच्या शांताक्का ताट घेऊन आत आल्या. हळद, कुंकू, नारळ, झेंडूचा हार आणि चांदीच्या भांड्यात आटीव दूध. म्हशीचं, वेलदोडा-केशर घातलेलं. वासानं खिडकीतली डोकी आणखी आत आली.

"नैवेद्य दाखवल्याबगर कुणाला जेवाया वाढत्यात व्हय?" शांताक्का माझ्यावर कडाडल्या. "पैला घास देवाचा. घाल हे मशीनला!"

आता चेअरमनच्या मंडळींना नाही कोण म्हणणार? मी दूध गाळून एका नळीत भरलं. पण पहिला घास म्हणजे पहिलं घर पाहिजे. मग काय, आठही नळ्या एकेक घर पुढं सरकवल्या आणि नैवेद्य एक नंबरच्या घरात बसवला. दोन मिनिटांचं काम. त्यात काय एवढं!

नारळ फुटला. शांताक्कांनी मशीनच्या हाताला हार घातला आणि मी बटण दाबलं.

हात उठला! आख्खी लॅब "आऽऽ" म्हणाली. आण्णासाहेब नवलानं वाकून बघायला लागले. हात डावीकडं वळला आणि झेंडूचा हार त्याच्यावरनं सुटला तो थेट आण्णासाहेबांच्या टोपीवरनं गळ्यात!

"अगागागा! मशीननं चेअरमनला हार घातला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन म्हाताऱ्यांनी तर तिथंच मशीनला दंडवत घातला. आण्णासाहेबांचे डोळे भरून आले. आजवर त्यांना हार घालणाऱ्या प्रत्येकाचं त्यांच्याकडं काही ना काही काम असायचं. याचं काहीच नव्हतं!

सुई बुडाली, घोट घेतला, गुळणी केली. पट्टी बाहेर आली. मी खणखणीत आवाजात वाचलं, "एक नंबर. हिंगणदरा. फॅट, अकरा पूर्णांक आठ!"

म्हशीचं दूध सातावर गेलं तरी आम्ही पेढे वाटायचो.

"अकरा?" कोंडीराम तंबाखू गिळून बसला.

"तरी म्या म्हणत हुतो!" आण्णासाहेब गरजले. "हिंगणदऱ्याच्या पान्यातच गुण हाय!"

हिंगणदऱ्याला पाणी टँकरनं यायचं. पण त्या क्षणी टँकरलाही गुण आला असेल, असं मलासुद्धा वाटलं.

दुसरी पट्टी आली. मी आवाज खाली आणून वाचलं, "दोन नंबर. बोरखडी. फॅट, दोन पूर्णांक नऊ."

"पानी!" कोंडीराम ओरडला. "म्या दोनदा म्हणलं हुतं! परत!"

नागूबाई जागच्या हलल्या नाहीत. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं बाई रडतायत. वाईट वाटलं, पण मशीनपुढं कुणाचं काय चालणार?

पट्ट्या येत राहिल्या. तीन, चार, पाच, करत करत नववी. मी तंद्रीतच वाचलं, "नऊ नंबर. सोनदरी. फॅट, सहा पूर्णांक तीन."

"आँ?" सोनदरीचे गोरोबा मागनं म्हणाले. "आवं, आमचं तर दूधच आलं न्हाय!"

मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "छावणीत हायत न्हवं म्हशी? मशीनला हितनंच दिसलं असंल!"

झालं! कुजबुज सुटली. न आलेलं दूध तपासणारं मशीन! कुणी विचारलं, गाभण म्हशीचं पुढच्या सालचं कळेल का? कुणी म्हणालं, पाऊस कधी पडतो ते विचारा. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हात जोडले. पुण्याला हे शिकवलं नव्हतं, पण पुण्यावाले सगळं थोडंच शिकवतात!

तेव्हा नागूबाई पुढं आल्या.

"साहेब, किती गावांचं दूध आलं?"

"आठ."

"मशीननं गुळण्या किती केल्या?"

"मोजल्या नाहीत."

"म्या मोजल्या. नऊ. रोजच्याला टँकरवर हंडे मोजायची सवय हाय मला, पानी दिसलं की मोजतीच." त्यांनी पदर खोचला. "टँकरच्या रांगंत सरपंचाचा हंडा मधीच घुसला की मागच्या समद्यांचा नंबर एकानं सरकतो. तुमच्या रांगंत कुणाचा हंडा घुसलाय?"

मी चाकाकडं बघितलं. एक नंबरच्या घरातनं केशराचा वास येत होता!

आता ओळखा माझी अवस्था. अकरा पूर्णांक आठ म्हणजे शांताक्कांचं आटीव दूध. दोनाच्या घरात बोरखडी नव्हतीच. तिथं होतं हिंगणदरा!

आण्णासाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांना माझ्या तोंडावरनंच कळलं. मला कोपऱ्यात घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "मशीन चुकलं म्हण. नवं हाय, हुतं आसं. आजची तपासणी रद्द. उद्यापास्नं कोंडीरामच बघंल, आन् तुझी ऑर्डर म्या आत्ता सही करतो."

खिशातनं त्यांनी कागद काढला. टाइप केलेला! माझं नाव, खाली "कायम" आणि सहीची जागा मोकळी. सहा वर्षं या कागदासाठी मी किती जणांच्या दारात उभा राहिलो होतो ते कुणाला सांगू? घरात बायको देवापुढं साखर ठेवून बसलेली.

पण मशीन चुकलं म्हटलं, तर बोरखडीचं दूध परत कोंडीरामच्या न बुडणाऱ्या बोटाकडं जाणार. नागूबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या सुईकडं बघत होत्या, माहेरचं माणूस दिसल्यासारख्या.

काय झालं मला कोण जाणे! मी टेबलापाशी आलो आणि ओरडलो, "मशीन बरोबर आहे! चूक माझी आहे! नैवेद्यासाठी नळ्या मी सरकवल्या आणि रजिस्टर सरकवायचं मीच विसरलो! परत लावतो, सगळ्यांदेखत!"

नैवेद्याची नळी काढली. आठही नळ्या आपापल्या घरात परत ठेवल्या. या वेळी प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि गुळण्या आख्ख्या लॅबनं मोजल्या.

"एक! हिंगणदरा. दोन पूर्णांक नऊ."

कोंडीराम पत्र्याकडं बघायला लागला.

"दोन! बोरखडी." सुई बोरखडीच्या नळीत गेली, हिंगणदऱ्याच्या नळीत जेवढी गेली होती तेवढीच खोल. "सात पूर्णांक दोन!"

सात पूर्णांक दोन! त्या दुष्काळात, वाळल्या कडब्यावर! बोरखडीच्या बायकांनी खिडकीबाहेर जो गलका केला, तो ऐकून रस्त्यावरची एसटी थांबली. नऊ नंबरला मशीननं काहीच छापलं नाही. गोरोबा जरासे नाराज झाले, पण तो हिशेब बरोबर होता.

आण्णासाहेबांनी गळ्यातला हार काढला. तो मशीनपुढं ठेवला.

"अकरा बाया जसलं दूध घालत्यात तसलं आमच्या गावाला जमंना व्हय," ते म्हणाले. "लिव्ह ज्ञानोबा. हिंगणदरा, परत. बोरखडी, पास." आणि कोंडीरामकडं वळून, "आन् तू उद्यापास्नं कॅन धुवायला!"

माणूस दिलदार होता, हे मान्य करायला हवं. ते त्यांच्या गावचं कॅन स्वतः उचलून बाहेर घेऊन गेले.

नागूबाईंनी मशीनपुढं येऊन दोन्ही हात त्याच्यावरनं ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "म्या नैवेद्याबिवेद्यातली न्हाय," त्या म्हणाल्या, "पर लेकराला नजर लागू ने." मग माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घालून तयारच होतो. चार शब्द कौतुकाचे आले तर नाही कशाला म्हणा?

"साहेब, तुमी बी गुणाचे हाव," त्या म्हणाल्या. "निस्तं मोजायला शिका."

महिन्यानं संघाची बैठक झाली. कायम कुणाला करायचं तो ठराव आला आणि माझ्या घरी बायकोनं पुन्हा साखर ठेवली. ठराव एकमतानं पास झाला. लॅबमधली दूध तपासणी यापुढं कायमस्वरूपी मशीनवर होईल, असा! खाली एक ओळ होती: "मशीन चालवण्यास ज्ञानोबा यांस हंगामी ठेवावे, आणि नळ्या मोजण्यास बोरखडीच्या नागूबाई यांनी हजर राहावे."