मास्तरांची कंपनी

शिंपीमास्तर कापड तीनदा मोजून मग कात्री लावत. कायदा मात्र त्यांनी अंदाजानेच कापला.

भाड्याने द्यायला त्यांनी पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली, तेव्हा वकील मेहुण्याने बजावलं होतं, "दाजी, ही जागा कंपनी काढून तिच्या नावावर करा. उद्या भाडेकरू पडला-झडला, तर दावा कंपनीवर. कंपनीत असेल तेवढंच जाईल."

मास्तरांना कंपनी फारच आवडली. एवढी भक्कम गोष्ट, मग बाकीचं उघड्यावर का ठेवायचं? मेहुण्याला न विचारता त्यांनी राहतं घर, दुकान, दोन्ही शिलाई मशीन आणि स्कूटर कंपनीत टाकली.

"पलंगसुद्धा?" यादी वाचून बायकोने विचारलं.

"पलंगसुद्धा. आता माझं कोण काय वाकडं करतो बघू!"

तिसऱ्या महिन्यात जिन्याचा कठडा निसटला आणि भाडेकरू, म्हणजे एक गाणंमास्तर, वरच्या सुरातून थेट अंगणात उतरले. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि नोटीस कंपनीच्या पत्त्यावर आली.

"कंपनीला आलीय, आपल्याला नाही," म्हणून मास्तर पुन्हा काजं करत बसले. बायकोने भावाला बोलावलं. त्याने यादी वाचली, पाणी मागितलं, ते प्यायला आणि मग म्हणाला, "दाजी, कोल्ह्यापासून कोंबड्या लांब ठेवा म्हटलं होतं. तुम्ही कोल्ह्यालाच खुराड्यात घेतलंत! आता हे घरसुद्धा जाईल."

मास्तरांच्या हातातली सुई पहिल्यांदाच बोटात घुसली.

तिघे गाणंमास्तरांच्या पाया पडायला गेले, प्लास्टर नसलेल्या. ते विरघळले. "मला जिना चढवत नाही. तुमचं घर तळमजल्यावर आहे. पाय बरा होईतो तिथे राहू द्या, तोवर दावा थांबवतो. थांबवतो म्हटलंय हं, सोडला म्हटलेलं नाही."

अदलाबदल झाली. गाणंमास्तर कंपनीच्या पलंगावर पसरले आणि मास्तर नवरा-बायको वरच्या खोल्यांत चटईवर आले. दीड महिन्यात प्लास्टर निघालं. गाणंमास्तर काही निघेनात.

"अहो, तो कठडा तरी बसवा," बायको रोज म्हणे.

मास्तरांनाही आता कंपनी चालवायची सवय झाली होती. "अर्ज दे. कंपनी विचार करेल."

आठव्या दिवशी टपालाने जाड पाकीट आलं. खाली मेहुण्याची सही. कठडा नसल्यामुळे जिन्यावरून पडलेल्या एका बाईंनी कंपनीकडे भरपाई म्हणून तळमजल्यावरचं घर मागितलं होतं. बाईंचं नाव वाचून मास्तरांनी चष्मा पुसला.

"अगं, ही तर तू!"

"मीच. दादा म्हणाला, तुमच्या कंपनीतून घर बाहेर काढायला आता हाच दरवाजा उरलाय. गाणंमास्तरांचा दावा पुन्हा उभा राहायच्या आत सही करून मोकळे व्हा."

मास्तरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती स्टुलावर चढून पडदा लावत होती.

"पण तू पडलीस कधी? आणि पाय कुठला मोडला?"

"दादा सांगेल तो."