शमुवेलची तीन पिकं

कापणीच्या सणाला आमच्या उपासनेत गिटारीची जी शोभा झाली, तिचा दोष सगळ्यांनी शमुवेलच्या बोटांना दिला. मीही मान हलवली. दोष बोटांचा नव्हता, माझा होता. हे मी आजवर कुणापाशी, अगदी घरीही, बोललेलो नाही.

पण आधी ती बोटं. शमुवेल पवार पिंपरीच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला, मूळचा नगरकडचा. गिटार शिकायला लागल्यापासून त्याच्या डाव्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. हाताला येईल ते दाबायचा. सायकलचा दांडा, बसची सळई, शेजाऱ्याच्या म्हशीचं शिंग. एकदा भर प्रार्थनेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, त्यानं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटं रोवली. मी हात ओढला तर कानाशी कुजबुजला, "मास्तर, हलू नका ना. याकोब बसतोय."

हा याकोब कोण ते सांगतो. खडकीच्या एका म्हाताऱ्या गोवेकर बँडवाल्याकडे शमुवेल सायकलवरून शिकायला जायचा. गिटार गोणपाटात गुंडाळून कॅरियरला बांधलेली, वाटेत लोक विचारायचे, "काय राव, भोपळा केवढ्याला?" त्या गोवेकरानं त्याला तारा दाबायच्या तीन तऱ्हा शिकवल्या. त्यांची इंग्रजी नावं याच्या डोक्यात राहीनात, म्हणून यानं त्यांचं बारसं केलं. अब्राहाम, इसहाक, याकोब. अब्राहाम सोपा, याकोब बरा, इसहाकाला मात्र एकाच बोटानं सगळ्या तारा आवळाव्या लागत. "लई द्वाड हाय इसहाक," तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून तो म्हणायचा. "बाप त्याला बळी द्यायला डोंगरावर उगंच न्हेत नव्हता."

वाजवायचा भयंकर. शेजारी ओरडले, "भावा, डबे ठोकतोस का काय?" की याचं ठरलेलं उत्तर, "देव ऐकतोय, तुमी कान झाका."

मी पेटी वाजवतो. आमची उपासना शाळेच्या वर्गात भरते. पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मंडळी बसतात. पेटी माझी, म्हणून पट्टीही माझी. ती म्हणजे काळी चार. उंच पट्टी. माझा गळा तिथं शोभतो. बाकीच्यांच्या मानेच्या शिरा फुगतात, ते त्यांचं बघतील. शमुवेलनं एकदा विचारलंही होतं, "मास्तर, पेटी जरा खाली लावाल का? पांढरी एकला?"

"उपासना आहे ही," मी म्हणालो, "अंगाई नव्हे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं गिटार आणली. मी समजून गेलो, याला माझी जागा हवी आहे.

कापणीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या टेबलापुढे आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, दुधी, पाय बांधलेली कोंबडी. मग लिलाव होतो. शमुवेल पाळकसाहेबांना म्हणाला, "आपल्याला शेत न्हाई साहेब. तीन पिकं हायेत, ती वाजवतो." भोळ्या पाळकसाहेबांनी त्याला एक गीत दिलं, आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही सूर धरा."

आदल्या संध्याकाळी शमुवेल माझ्या दारात. "पांढरी एक बरं का मास्तर. माझी तिन्ही पोरं त्याच घरातली. दुसऱ्या घरात न्यायला आपल्याला जमत न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

सणाच्या दिवशी तो तेल चोपडून, कोट घालून उभा राहिला. समोरच्या बाकावर त्याची बायको रूथबाई होती. वर्षभर ती उपासनेत तोंड मिटूनच बसायची. मला वाटायचं, नवऱ्याचा गर्व चढला असेल.

मी भाता ओढला आणि काळी चार दाबली.

त्यानं अब्राहाम वाजवला. पत्र्यावर भांडी ओतावीत तसा आवाज झाला. टेबलापुढची कोंबडी किंचाळली. पोरं हसली, मग मोठेही हसले. त्यानं बोटं पाहिली, पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तेव्हा तारांवर तळवा ठेवून तो थांबला आणि बायकोकडे पाहू लागला. रूथबाई उभी राहिली होती, तोंड उघडून. तिनं ते मिटलं आणि ती खाली बसली.

लिलाव चालू असताना तो बाहेर गिटार गोणपाटात बांधत होता. मी उगाच तिकडे गेलो.

"तुमची पट्टी चुकली असंल मास्तर. व्हतं कधी कधी," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "रूथचं घशाचं आपरेशन झालं ना, तवापासनं आवाज खाली आलाय तिचा. काळी चारला पोचत न्हाई, लाजते. घरी म्हणते माझ्या अब्राहामावर, पांढरी एकला. म्हटलं, एकदा माणसांत म्हणू दे. तेवढ्यासाठी शिकलो बघा. न्हाईतर मला कशाला ही लाकडं?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "सराव वाढवा."

रूथबाई अजून उपासनेत गात नाहीत. पेटी अजून माझ्याकडेच आहे आणि पट्टीही तीच. पांढरी एकमधलं एक गीत मी रूथबाईंचं देणं लागतो. आणि शमुवेलरावांचं, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, खरं काय झालं ते सांगणं.