नाक बंद, जीभ चालू

माझ्यासारखी जीभ साऱ्या गावात दुसरी नाही! हे मी नाही सांगत, आमच्या आइस्क्रीमच्या कारखान्यातली माणसं सांगतात. म्हणजे मी त्यांना ते वारंवार ऐकवलं, तेव्हापासून सांगतात.

मी टेस्टर आहे. नवं आइस्क्रीम बाजारात जायच्या आधी चमचाभर तोंडात घ्यायचं, डोळे मिटायचे, भुवया जरा वर न्यायच्या आणि निकाल द्यायचा, एवढंच माझं काम. एकदा दुधाच्या टाकीला कुणाचा तरी साबणाचा हात लागला होता. मी तो एका चमच्यात पकडला! साबणाचा रंगसुद्धा सांगितला असता, पण कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मालकीणबाई माझ्या जिभेला फार मान देतात. टेस्टिंगच्या खोलीत नियमच आहे, सगळ्यांत जुना टेस्टर बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

दुसरा टेस्टर म्हणजे माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला चिकटवला मीच! आता आमचे मुख्य टेस्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर आम्हा दोघांपैकी एकजण बसणार होता. नव्या दुकानासाठी नवं व्हॅनिला तयार झालं होतं. त्याची परीक्षा झाली की बाई नाव जाहीर करणार होत्या. मेव्हण्याच्या हाताखाली काम करायचं? मी? सासूबाई तर आत्तापासूनच फोनवर "आमचा धाकटा मोठा साहेब होणार" म्हणत होत्या.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, दोन्ही दारं बंद करणारी!

कारखान्याचा नियम असा, की सर्दी झालेल्या टेस्टरनं तसं सांगून घरी बसायचं. म्हणजे खुर्ची आयतीच मेव्हण्याला! मी ठरवलं, सांगायचंच नाही.

"नाक बंद आहे, जीभ कुठे बंद आहे?" मी बायकोला म्हणालो.

"ती कधीच नसते," बायको म्हणाली. "पण चव जिभेला कळते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? जिभेला कळतं गोड, आंबट, खारट, कडू. बाकी सगळा कारभार नाकाचा."

"मी एवढी वर्षं जिभेनं चव घेतोय!"

"मिटा डोळे."

मी डोळे मिटले. तिनं तोंडात एक फोड घातली. करकरीत! मी दोनदा चावली, भुवया वर नेल्या आणि निकाल दिला, "सफरचंद. डोंगरातलं. पिकायला दोन दिवस बाकी होते."

डोळे उघडले तर तिच्या हातात अर्धा कच्चा बटाटा!

"आता 'मामा' म्हणा," ती म्हणाली.

"बाबा."

"'नाना' म्हणा."

"डाडा."

"जा! व्हा मुख्य टेस्टर!"

पण शेवटी बायको ती बायकोच. जीव तुटला बिचारीचा. मूठभर लसूण ठेचला, स्वतः सुईदोऱ्यानं फुलं भरलेल्या रुमालात त्याची पुरचुंडी बांधली आणि माझ्या खिशात कोंबली. म्हणाली, "दिवसभर हुंगत राहा, नाक मोकळं होईल. आणि येताना रुमाल आठवणीनं आणा."

दिवसभर मी भांडारात पोत्यांमागे लपून हुंगलो. काही उपयोग नाही! संध्याकाळी सगळे गेल्यावर टेस्टिंगच्या खोलीत जाऊन हुंगलो. त्या खोलीत अत्तर, पावडर, सुगंधी तेल सगळ्याला बंदी आहे, लसणाचं तर नावच नको. पण मला वास येत नव्हता, त्यामुळे तो आहे हेच माझ्या लक्षात राहीना. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मी फ्रीजर उघडला, पुरचुंडी व्हॅनिलाच्या नमुन्याच्या डब्यामागे खेटून ढकलली आणि दार लावलं. डब्याचं झाकण जरा सरकलं, ते तसंच राहिलं.

दारात मेव्हणा उभा. "भाऊजी, अजून इथेच? काय करताय?"

म, न, ण असलेला शब्द तोंडातून काढायचा नाही, हे मी सकाळीच ठरवलं होतं. म्हणालो, "विचार."

"कसला?"

"घरी जायचा."

आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. पुरचुंडी मी साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा! एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला मेव्हणा, मध्ये मी. मेव्हण्यानं डबा बाहेर काढला, झाकण उचललं आणि एकदम मागे सरकला. मला वाटलं, गार लागलं असेल.

बाईंनी आणि मेव्हण्यानं चमचे तोंडात घातले, मीही घातला. आधी गार लागलं. मग गोड लागलं. मग संपलं. बास! मी डोळे मिटले, भुवया नेहमीपेक्षा जरा जास्तच वर नेल्या आणि म्हणालो, "सुरेख!"

डोळे उघडले तर बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती आणि मेव्हण्यानं तोंडाला रुमाल लावला होता.

"भाऊजी," तो चाचरत म्हणाला, "तुम्हाला... लसूण नाही लागला?"

लसूण! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला बहिणीनं फोन केलेला दिसतोय! याला माझी सर्दी कळली आहे! व्हॅनिलात कुणी लसूण घालतं का? हा सापळा आहे. मी 'हो, लागला' म्हणायचा अवकाश, हा टाळ्या पिटणार, 'बघा बाई, यांना काही कळत नाही, लसूण नाहीच मुळी!' वा रे पठ्ठ्या! पण मीसुद्धा काही दुधखुळा नाही.

"छे! काहीतरीच!" मी म्हणालो. "तुझी तब्येत ठीक आहे का रे?"

"पण भाऊजी, डोळ्यांतून पाणी येतंय हो!"

"मलासुद्धा जरा उग्र..." बाई हळूच म्हणाल्या.

म्हणजे बाईसुद्धा सामील! आता माघार नाही! "बाई, शुद्ध आहे. अगदी शुद्ध," असं म्हणून मी अख्खा कप चाटूनपुसून खाल्ला. वर आणखी एक मागितला.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "साबणाचा हात ओळखणारी जीभ ही. ती कशी चुकेल? माझंच वय झालं." आणि मेव्हण्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आजच्या आज नाकाच्या डॉक्टरांना दाखवून या. असं नाक घेऊन या खोलीत यायचं नाही."

तरी त्यांच्या मनाची खात्री होईना. त्यांनी हिशेबनिसाला बोलावून एक चमचा दिला. त्यानं तो गिळला. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पडलेल्या चेहऱ्यानं निघालेल्या मेव्हण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाईंना विचारलं, "तुम्हाला काय लागलं, बाई?"

"शुद्ध व्हॅनिला."

"तेच! मी अगदी तेच म्हणणार होतो!" गालांवर पाण्याच्या धारा, आणि मान जोरजोरात होकारार्थी!

बाईंनी तिथल्या तिथे मला मुख्य टेस्टर केलं. खरं सांगतो, मेव्हणा मान खाली घालून गेला तेव्हा मला क्षणभर वाईट वाटलं. पण मग मी त्या खुर्चीवर बसलो. खुर्चीला मऊ गादी होती, त्यामुळे वाईट वाटणं फार टिकलं नाही.

बसतोय न बसतोय तोच खालून फोन आला. मिक्सर मास्तर! हा माणूस मोठमोठ्या यंत्रांत आइस्क्रीम घोटतो आणि सांगितलं त्याच्या तसूभर इकडे-तिकडे करत नाही.

"साहेब, घोटाळा आहे. आत्ताच नमुना चाखला. त्याच्यात लसूण आहे आणि आपल्या मालात नाही. संध्याकाळी दुकानाचं उद्घाटन आहे. बाईंचा हुकूम आहे, माल आणि नमुना एकसारखा पाहिजे. टाकू का लसूण?"

माझं डोकंच फिरलं. खुर्ची मिळाली तरी यांचा सापळा संपेना! आता मास्तरलाही फितवलं! नाक चोंदलेलं नसतं तर चांगलं झाडलं असतं. पण म आणि न टाळून माणूस किती झाडणार?

"टाक की!" मी ओरडलो. "टोपलीभर टाक! हात सैल सोड!"

"बारीक वाटून टाकू, की ठेचून?"

"तुझ्या डोक्यावर ठेच!"

"ठेचून. बरं, साहेब." मास्तरनं फोन ठेवला.

संध्याकाळी नव्या दुकानापुढे हीऽऽ गर्दी! फिती, फुगे, पुढच्या रांगेत माझी बायको आणि तिच्या शेजारी सासूबाई. दुकानाच्या पायरीवर माईक, माईकपुढे मी. बाईंनीच सांगितलं होतं, "मुख्य टेस्टरनं चार शब्द बोलावेत." सगळ्यांना फुकट कप वाटले गेले. लोकांनी चमचे तोंडात घातले आणि एकदम शांतता पसरली. कुणी हसेना, कुणी बोलेना, कुणी गिळेना. काहींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला भरून आलं! एवढं प्रेम करतात लोक आपल्या आइस्क्रीमवर!

बायको मात्र कपाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत कपाकडे. मी तिला हात केला. तिनं कपाळाला हात लावला. मागून एक आजोबा म्हणाले, "अहो, याच्याबरोबर पाव नाही का ठेवलात?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि घसा साफ केला. "प्रिय ग्राहक हो! ही चव..."

एवढं बोलून मी पुराव्यादाखल एक मोठा चमचा तोंडात कोंबला. आता यात मास्तरनं ठेचलेला टोपलीभर ताजा लसूण होता. घशात काहीतरी झणझणलं. डोळ्यांना धार लागली. नाकात कुठेतरी कुरकुर झाली, मग 'फट्' असा आवाज आला, तोही माईकवरून! आणि दोन दिवस बंद असलेली दोन्ही दारं एकाच वेळी सताड उघडली.

अरे देवा! इतका वेळ जे नुसतं गार आणि गोड होतं, ते सगळंच्या सगळं लसूण होऊन माझ्या मस्तकात चढलं. जिभेवर तेच, तोंडात तेच, चमचाही तोच! पण नाक उघडल्याबरोबर चव पार बदलली. बायको म्हणत होती ते असं मला भर गर्दीत पटलं. आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्या तोंडून स्वच्छ, खणखणीत 'ण' बाहेर पडला.

"लसूण!"

"हो!" सगळी गर्दी एका सुरात ओरडली. लोकांना केवढं हायसं वाटलं! एकमेकांना मिठ्या मारायला लागले! "मलाही तेच वाटत होतं हो!" "मी आपली गप्प बसले!" हिशेबनीस तर रडतच होता, "मी सकाळपासून तेच म्हणणार होतो!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मेव्हणा आला. एका हातात डॉक्टरची चिठ्ठी, दुसऱ्या हातात गोठून दगड झालेली पुरचुंडी. "बाई, डॉक्टर म्हणाले माझं नाक ठणठणीत आहे. म्हणून मी परत जाऊन फ्रीजर तपासला. त्यात ही सापडली. दुधाच्या पदार्थाला शेजारचा वास लगेच लागतो, हे तर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आता ही कुणाची..."

"अगं बाई, माझा रुमाल!" बायको म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर्दी झालीय, एवढं सांगायला काय झालं होतं हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता म, न, ण सगळे येत होते, पण एक शब्द फुटेल तर शपथ!

मेव्हणा मुख्य टेस्टर झाला. मला टेस्टिंगमधून काढून खाली पाठवलं.

पण पोरगा मनानं चांगला. चार दिवसांनी घरी आला आणि म्हणाला, "भाऊजी, झालं गेलं विसरा. तुमचं नाक आता मोकळं आहे ना? मग मी उद्याच बाईंना सांगतो, यांना परत टेस्टिंगला घ्या म्हणून. फक्त एकदा माझी खात्री पटू दे."

माझा ऊर भरून आला. "घे परीक्षा!" म्हणालो.

बायकोनं मला डोळे मिटायला सांगितले आणि तोंडात एक फोड घातली. करकरीत, रसाळ, गोड, आणि वास तर असा, की बाग डोळ्यांपुढे उभी राहावी. सफरचंद! शंभर टक्के सफरचंद! मी तोंड उघडणार, एवढ्यात ती दोघं भावंडं खुसखुसल्यासारखं मला ऐकू आलं. मी सावध झालो. इतकं सोपं कसं असेल? मागच्या वेळी सफरचंद म्हणालो आणि फसलो. तेच ठेवून पुन्हा फसवायचा बेत आहे तर यांचा! वा रे वा!

मी भुवया वर नेल्या आणि ठणकावून सांगितलं, "बटाटा!"

सध्या मी झाकणं बसवण्याच्या विभागात आहे. एकही झाकण सरकू देत नाही.