शनिमहाराजांचे कड्याबाहेरील दोघां भावांच्या वाटबदलाची हकीकत

श्री. जेथे सूर्य टिकलीएवढा दिसतो आणि उन्हास ऊब नाही, त्या मुलखाच्या धन्यास दुरूनच मुजरा करून लिहितो. पृथ्वीकडील हुजुरांनी पुसिले की, तिकडे पौषात काय संकट गुदरले होते? त्याजवरून शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरीचे वर्तमान जैसे घडले तैसे निवेदन करितो. भय वाटले तेथे भय वाटले ऐसेच लिहिले आहे.

महाराज मोठे प्रतापी. पृथ्वीसारख्या सातशे पृथ्व्या पोटात मावाव्या एवढे अंग, आणि वजन पाहू जाता आकाराच्या मानाने पाण्याहून हलके. पायांखाली जमीन म्हणोन नाही, सारी वाफ आणि वारा, आणि आत उतरेल तो उतरतच जाईल. सव्वीस घटकांत स्वतःभोवती गिरकी घेतात, तेणेकरून कंबरेस फुगले आणि माथ्यास चपटे जहाले. सभोवती बर्फाचे कडे, रुंदी हजारो कोस आणि जाडी पाहू जाता दहा-वीस पुरुषांच्या उंचीएवढी. लांबून पाहणारे त्यास दागिना म्हणतात. आम्ही म्हणत नाही. जुनी माणसे सांगतात की, कोणी एक सरदार प्रीतीने महाराजांचे अगदी जवळ गेला, आणि महाराजांनी त्याची जवळची बाजू फार ओढली आणि दूरची थोडी ओढली, आणि तो मध्येच फाटला, आणि त्याचा चुरा तो हा. म्हणोन दरबारी अडीचशेहून अधिक सरदार चंद्र, परंतु सर्वांचा रिवाज एकच, की मुजरा करावा तो फिरत फिरत आणि अंतर राखून.

त्या कड्याचे बाहेर रायाजी आणि सिदोजी हे दोघे भाऊ एकाच वाटेवर चाकरी करीत. वाटा नावाच्या दोन. मध्ये अंतर सोळा कोस, आणि धाकट्या सिदोजीचेच अंग छत्तीस कोस रुंद, रायाजी तर त्याहून दीडपट. एकमेकांस ओलांडून जाणे शक्य नाही. आतल्या वाटेचा चाले जलद, बाहेरचा चाले सावकाश, आणि चार वर्षांनी आतला बाहेरच्यास मागून गाठी. त्या साली सिदोजी आत होते, आणि दादा पुढे.

मार्गशीर्षात अंतर दिसामासी तुटो लागले. मोठे सरदार धुंडिराजराव, जे सदा नारिंगी धुक्याची शाल पांघरून बसतात, ते म्हणाले, "घाबरण्याचे कारण नाही. दोघांनी एकमेकांस ओढ द्यावी, ऐसा रिवाज आहे. पुढचा मागच्यास ओढील तो मागचा बाहेर फेकला जाऊन सावकाश होईल; मागचा पुढच्यास ओढील तो पुढचा आत घसरून जलद होईल. वाटा बदलतील आणि दोघे वाचतील."

तेव्हा सिदोजींनी बर्फाचा एक खडा जासूद करून दादांकडे पाठविला आणि निरोप सांगितला की, "दादासाहेब, आतली वाट महाराजांचे बाजूची. सोळाच कोस खरे, पण तिकडचे सोळा. फाटलेल्यांचे तुकडे मी रोज उजेडात पाहतो. तेथे आपणांस लोटून मी बाहेर सुखाने फिरणार नाही. या खेपेस ओढ देणे नाही."

हे ऐकोन दरबारी सर्वांचे धाबे दणाणले. अंतर वीस हजार कोस, मग बारा हजार, मग आठ हजार, आणि सिदोजी काही केल्या ओढ देईनात. आणि महाराज तर बोलतच नाहीत. ते ओढतात एवढेच.

मग रायाजींचा जासूद उलट आला. निरोप चार शब्दांचा नव्हता, चांगला रागाचा होता. "सिदबा, तुझी माया मला कळते. पण तू आदळलास तर आत जाण्यास दादाही उरणार नाही आणि बाहेर राहण्यास तूही नाहीस. आपल्या दोघांचा चुरा एकत्र फिरेल आणि लोक त्यास दागिना म्हणतील. मी थोरला, अंगाने जड. मला तू कितीही ओढलेस तरी मी सहा कोस घसरेन. तुला मी पंचवीस कोस बाहेर काढीन. ओढ दे रे बाबा, मी भीक मागतो."

अंतर चार हजार कोस राहिले आणि सिदोजींनी ओढ दिली. मग हळूहळू, कोणास डोळ्यांनी कळेल न कळेल ऐसे, रायाजी आत घसरले आणि सिदोजी बाहेर गेले, आणि ज्या जोराने धाकटा येत होता तो जोर ओसरला. आतल्या वाटेने रायाजींचा वेग वाढला आणि ते पुढे निघाले. सिदोजी मागे राहोन पाहात होते. दादा लहान लहान होत गेले.

नंतर आम्ही सिदोजींस पुसिले, "भावाची भेट जहाली काय?" ते म्हणाले, "जहाली, चार हजार कोसांवरून. याहून जवळ आम्ही कधी आलो नाही. दादांनी वाचविले ते हेच, की मला जवळ येऊ दिले नाही."

एवंच, राज्य सुरक्षित, कडे आहे तितकेच आहे, नवा तुकडा पडला नाही. रायाजी चार वर्षांनी मागून येतील आणि तेव्हा आत जाण्याची पाळी धाकट्याची. सिदोजी आतापासूनच दिवस मोजीत आहेत. बहुत काय लिहिणे, चुकली अक्षरे सांभाळून घ्यावी.