मुकादमाची सातची सुई

मुकादमाला गल्लीत कुणी काही खायला घालायचं नाही, असं महेंद्र ओव्हाळांनी एका सोमवारी ठरवलं. निर्णय एवढासाच. शिरूरच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसानं याहून मोठे निर्णय घेतले होते. उदाहरणार्थ, एकुलत्या एका पोरीच्या लग्नाला न जाण्याचा. (त्याची फळं ते खात होतेच. या नव्या निर्णयाची अजून लागायची होती.)

मुकादम म्हणजे त्यांचा बोका. पिवळा, मानेत जाड, पोट सुटलेला. रोज गल्लीतल्या एकेका स्वयंपाकघरात डोकावून पाहणी करायचा, म्हणून ऊसतोडीच्या टोळीवरच्या मुकादमाचं नाव त्याला पडलं. ठेवलं गौतमीनं, म्हणजे त्या एकुलत्या पोरीनं. तिनं दौंडच्या सुरजशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, सरळ, सुपारीचंही व्यसन नसलेला. दोष एकच, तो रेल्वेत होता. महेंद्ररावांच्या मते एसटीवाल्याची पोरगी रेल्वेवाल्याला देणं म्हणजे सरळसरळ फितुरी. ते लग्नाला गेले नाहीत. बायको माया आधीच गेलेली, त्यामुळे त्यांना ओढत नेणारंही कुणी नव्हतं. गौतमी दौंडला गेली ती गेलीच. बोका जुन्या जागेला सरावलेला म्हणून मागं राहिला, आणि फोन मुका झाला.

मग बोक्याला मधुमेह निघाला.

हे गल्लीतून गौतमीच्या कानावर गेलं तसा फोन वाजला. तेव्हापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला वाजायचा. "किती?" गौतमी विचारायची. महेंद्रराव बोक्याच्या कानाला टोचून मोजलेला आकडा सांगायचे. "बरं," म्हणून ती फोन ठेवायची. संभाषण दोन शब्दांचं, तेही दोन्ही तिचेच. पण महेंद्रराव त्यासाठी साडेनऊपासून चार्जरला लावलेल्या फोनशेजारी बसून राहायचे. माणसाच्या घरात सुख कोणत्या रोगाच्या पावलानं येईल सांगता येत नाही.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे त्यांची आई, आक्काबाई. तिलाही साखरेचा त्रास होता, आणि बोक्याआधीपासून होता.

"माझ्यासाठी कवा मशीन आनलं न्हाई," ती म्हणायची. "त्या मांजराचं झाल्यावर माझं बी एक बोट टोच की. का मी मुकी न्हाई म्हनून?"

बाजारतळाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरनं (ज्याचा जन्म गाई-म्हशींत गेला आणि ज्याला मांजर टेबलावर बघून आधी हसूच आलं) तीन गोष्टी बजावल्या होत्या. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिन. आधी डब्यातलं डॉक्टरी खाणं, पोटात गेल्याची खात्री झाली की मगच सुई. आणि बोका लटपटला तर साखर उतरली समजायचं, हिरड्यांना साखरपाणी चोळायचं आणि उचलून आणायचं.

महेंद्ररावांच्या डोक्यात यातला 'सातला' एवढाच शब्द पक्का बसला. आगारात त्यांचा नियम होता, गाडीत प्रवासी असो नसो, वेळ झाली की गाडी हलली पाहिजे. या नियमापायी त्यांनी एकदा कंडक्टरला खाली चहा पीत सोडून गाडी रवाना केली होती.

तर सुई सातला बसायची, तरी आकडा काही उतरेना. डॉक्टरनं इन्सुलिन वाढवलं. आकडा ढिम्म. मग एका सकाळी बोक्याच्या मिशीला महेंद्ररावांना बोंबलाचा वास आला.

चौकशी झाली. समोरच्या वच्छलाबाई बोंबील देत होत्या. पलीकडं दूधपोळी, कोपऱ्यावर खारी. बोका उजाडायच्या आत तीन घरं जेवून सातला घरी येत होता आणि डॉक्टरी खाण्याचा वास घेऊन तोंड फिरवत होता. महेंद्ररावांना वाटायचं, खाईल नंतर.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? समोर जाऊन चार शब्द गोड बोलला असता. महेंद्ररावांनी माळ्यावरून भोंगा काढला. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी थट्टेनं दिलेला, सेलवर चालणारा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी गळा साफ केला.

"नागरिकांनी लक्ष द्यावे! मुकादम नावाचा बोका मधुमेही असून त्यास कुणीही काहीही देऊ नये. श्रीमती वच्छलाबाई, आपण बोंबील देताना आढळला आहात. ही शेवटची सूचना!"

गल्लीतल्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. वच्छलाबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या.

"कंट्रोलर, माझं नाव भोंग्यात घेतलं तुमी?"

"नियम सर्वांना सारखा आहे."

"मांजर दारात येऊन बसल्यावर त्याला काय रिझर्व्हेशन इचारू?"

संध्याकाळी महेंद्ररावांची एक वाटी समोरून परत आली. रिकामी. आमच्या भागात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर शेंगदाणे का होईना, घालून देतात. रिकामी वाटी आली की समजायचं, संबंध संपले. आक्काबाईनं वाटी हातात घेऊन तिचा तळ बघितला.

"माया होती तवा या वाटीत खीर यायची," ती म्हणाली.

महेंद्ररावांनी तेही मनावर घेतलं नाही. उलट त्याच तिरीमिरीत घरातली साखर, गूळ, आक्काबाईनं उशाला लपवलेली रेवडी, सगळं पिशवीत भरून डेपोतल्या पोरांना वाटून आले. घरात गोड नको म्हणजे नको. आक्काबाईनं फिक्का चहा एक घोट घेतला आणि मोरीत ओतला.

मोहीम मात्र फत्ते झाली. गल्लीनं बोक्याला वाळीत टाकलं. मुकादम दारोदार फिरला, सगळीकडं दार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उपाशीपोटी घरी आला, डॉक्टरी खाणं हुंगलं, आणि पाय आखडून भिंतीकडं तोंड करून बसला.

सात वाजले. महेंद्ररावांनी घड्याळाकडं बघितलं, बोक्याकडं बघितलं, आणि गाडी हलवली. वाढवलेला डोस, रिकामं पोट.

नऊनंतर आक्काबाईची हाक आली.

"महेंद्रा, अरं मुकादम प्यायल्यावानी चालतुय!"

बोका मोरीकडं निघाला होता. मागचे पाय आडवे जात होते. मोरीच्या उंबऱ्याशी तो कलला आणि पडला. डोळे उघडे, पण त्यांत पाहणी करणारं कुणी नव्हतं. महेंद्ररावांना एका क्षणात सगळं कळलं. हा गेला की दहाचा फोन गेला. एक वेळ बोका गेल्याचं दुःख माणूस सोसतो. पण त्यानंतरच्या सगळ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढं एकदम उभ्या राहिल्या.

"साखर! आई, साखर दे!"

"कुठली साखर? डेपोत हाय ती."

कारखान्यांच्या या मुलखात, जिथं दौंडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं तास तास घालवावा लागतो, तिथं एका घरात मांजराच्या जिभेवर ठेवायला साखरेचा कण नव्हता. खंडूच्या किराणा दुकानाचं शटर खाली. तो मार्केट यार्डात माल आणायला गेलेला. महेंद्रराव बनियनवर समोर धावले.

"वच्छलाबाई, साखर द्या जरा. चमचाभर."

वच्छलाबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"तपासायला आलाय व्हय? आमच्यात न्हाई साखर."

"अहो, खरंच पाहिजे!"

"काल शेवटची सूचना झाली, आज पंचनामा. भोंगा कुठं ठिवलाय? पाठीमागं?"

महेंद्ररावांनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "देऊ नगा मावशी, नाव घेईल उद्या." तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. दहा वाजलेही नव्हते. नेमकी आजच पोर वेळेआधी आली.

"किती?" गौतमी.

महेंद्ररावांनी वळून आपल्या घराच्या उघड्या दाराकडं बघितलं.

"पप्पा? किती?"

"पडलाय गं तो. उठत नाही."

तिचा आवाज एकदम पातळ झाला. "सुई दिली?"

"सातला."

"खाल्लं होतं त्यानं?"

आयुष्यभर महेंद्ररावांनी प्रवाशांना 'गाडी येतेच आहे' म्हणून सांगितलं होतं. आताही जिभेवर तेच आलं. पण वच्छलाबाई समोर उभ्या होत्या, आणि का कोण जाणे, त्यांना खोटं बोलता येईना.

"नाही. त्याला कुणी काही देऊ नये म्हणून मीच गल्लीला सांगितलं. भोंग्यावरून."

"मी निघते," एवढं म्हणून फोन बंद झाला.

महेंद्ररावांनी डोळे पुसून वर बघितलं, तर दारात कुणी नव्हतं. वच्छलाबाई आत जाऊन काकवीची बाटली घेऊन आल्या होत्या आणि अनवाणीच गल्ली ओलांडून त्यांच्या घरात शिरल्याही होत्या. पाटसकडं त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ. तिथली पातळ, गुळाच्या रंगाची काकवी. त्यांनी बोक्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं हिरड्यांना काकवी चोळू लागल्या.

"ऊठ रं माझ्या वाघा. उपाशी मारला व्हय तुला? ऊठ, बोंबील देते. बगू कोन अडीवतंय."

आक्काबाई शेजारी बसून बोटानं बाटलीचं तोंड पुसत होती आणि ते बोट स्वतःच चाटत होती. त्या वेळी तिला कुणी काही म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं बोक्याची शेपटी हलली. मग कान. मग त्यानं मान उचलली, सगळ्यांकडं बघितलं आणि महेंद्ररावांच्या अंगठ्याला कडकडून चावला.

"वळखलं बगा त्यानं," वच्छलाबाई म्हणाल्या.

बोक्याला दवाखान्यात दाखवून, डोस निम्म्यावर आणून, डॉक्टरची बोलणी खाऊन सगळे घरी परतले, तेव्हा दारात गौतमी आणि सुरज उभे होते. धुळीनं माखलेले. पोरगी वाळलेली दिसली. महेंद्ररावांनी रिक्षात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. गौतमीनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली, बोका बाहेर काढला आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. वाक्य तसंच राहिलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ते जावयाकडं वळले. "कशानं आलात?"

"बाइकवर, पप्पा. एसटीची वाट बघितली, पण लागलीच नव्हती."

महेंद्ररावांनी हा घाव निमूट सोसला. जावई पहिल्यांदा घरात आलेला. तोंड गोड करायची रीत. आणि घरात गोड म्हणजे बाटलीच्या तळाशी उरलेली काकवी. आक्काबाईनं ती उकळत्या चहात ओतली, चहा फुटला, दुधाचे गोळे वर तरंगले. सुरजनं तो कप हू की चू न करता शेवटच्या गोळ्यापर्यंत संपवला. रेल्वेतही बरी माणसं असतात, असं महेंद्ररावांना त्या वेळी प्रथमच वाटलं.

जाताना गौतमीनं व्यवस्था लावून दिली. बोका इथंच राहील, जागा बदलणं त्याला सोसायचं नाही. पण सुई, मशीन आणि डॉक्टरी खाण्याचे डबे समोर वच्छलाबाईंकडं. बोक्यानं खाल्लं की नाही हे गल्लीत फक्त त्यांनाच कळतं. आणि फोनही तिकडंच करत जाईन, म्हणाली.

तेव्हापासून महेंद्रराव रोज दहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या उंबऱ्याबाहेर उभे राहतात. फोन आतल्या खोलीत वाजतो. पोरीचा आवाज बाहेरपर्यंत येत नाही, वच्छलाबाईंचाच येतो. "व्हय, खाल्लं… व्हय, उतरलीया… बरं बाई."

परवा वच्छलाबाई हसत हसत बाहेर आल्या. "कंट्रोलर, आज तुमचं बी नाव निगालं."

महेंद्रराव एक पाऊल पुढं आले. "माझं? काय म्हणाली?"

"म्हनली, सुई टोचताना पप्पांना खोलीत येऊ देऊ नगा."

महेंद्रराव जरा मागं सरकले. मग रस्ता ओलांडून घाईघाईनं घरी गेले आणि आक्काबाईला म्हणाले, "आई, पोरीनं आज माझी आठवण काढली."