हवेचे वाटेकरी

घाटंजीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गुलाबभाऊ रोज सकाळी आभाळावर चिडतात. ऊन-पावसावरून नाही. वर चंद्र-सूर्यापर्यंत हवा नाही म्हणून.

हे त्यांना टीव्हीवरून कळले. तेव्हापासून एकच धोशा. "आक्का, एवढी जागा रिकामी पडून राह्यली अन् हवाच भरली नाही! कोण्या ठेकेदाराचं काम होय हे?"

त्यांच्या बायकोला, शांताला, दमा आहे. घरात कापूस साठवला की तिची छाती वाजायला लागते. भाऊंचा हिशेब असा, की वरपर्यंत हवा असती तर खाली कोणाला कमी पडली नसती.

माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मूर्खपणा ओळखता येतो.

"वरपर्यंत हवा असती तं तुरीचा भुसा उडून चांदावर गेला असता," मी म्हटले. "तो झाडून काढाले कोण गेलं असतं?"

"मी गेलो असतो."

"अन् सूर्य जळते त्याचा आवाज? दिवसभर कापसाच्या जिनिंग मशीनवानी कानात वाजला असता."

"बोळे घालू कानात. श्वास तं भेटला असता नं!"

"तुमच्या कोंबड्या उडून गेल्या असत्या."

"कोंबडी कुंपणावर चढत नाही, चांदावर काय जाते?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. आम्ही बाया शांताकडे वाण घ्यायला गेलो, तर भाऊ दारात काठी आडवी धरून उभे. "दोघी-दोघीच आत जा. साऱ्या घुसल्या तं शांताले काय उरते? अन् आत बोलू नका, बोलण्यात लय हवा जाते." नटूनथटून आम्ही गल्लीत रांग लावली, जशी रेशनला लावतात. मी शिव्या घातल्या, तर मला सगळ्यांत शेवटी सोडले. "आक्का, तुम्ही एकट्याच जा. तुमचा श्वास दोघींएवढा हाय."

परवा गल्लीच्या टोकाला तुरी काढायचे मशीन लागले. धूळ घरात शिरली आणि शांताला धाप लागली. मी तिला पंप ओढायला लावला, पाठ चोळली. भाऊंचा पत्ता नाही. मला संताप आला. तिला जरा बरे वाटल्यावर मी त्यांना शोधत घरामागे गेले.

पेरूच्या झाडाखाली ते उभे होते. तोंड गच्च मिटलेले, नाक चिमटीत, डोळे बाहेर आलेले.

"हे काय लावलं? बायको तिकडे धापा टाकून राह्यली!"

त्यांनी हाताने मला गप्प केले. मग नाइलाजाने तोंड उघडून अगदी बारीक श्वास घेतला, चोरून घेतल्यासारखा.

"तिले हवा पुरून राह्यली का?"

"पुरून राह्यली," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा नाक धरले.